लाल दिव्याला भिणारे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एका सभागृहात साउंडचं काम करतात. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. भाषण रंगलं की टाळ्या वक्त्याला, आणि माइक किंचाळला की सगळ्या माना मागे वळून यांच्याकडे! माझं डोकंच फिरतं. ते मात्र हसून म्हणतात, "वहिनी, कुणी मागे बघितलं नाही म्हणजे माझं काम चोख."

एकदा त्यांनी मोठ्या हौसेनं मला त्यांचा मिक्सर दाखवला. माझा मिक्सर ओट्यावर मावतो, त्यांचा टेबलभर पसरलेला, बटणंच बटणं. कुणी बोललं की दिव्यांची रांग वर चढते. हिरव्यात असेपर्यंत बिनघोर, पिवळा आला की सावध, आणि टोकाचा लाल पेटला की आवाज फाटला. त्यासाठी कंप्रेसर. जो ओरडेल त्याला तो खाली दाबतो, मग सगळंच थोडं उचललं की हळू बोलणाराही नीट ऐकू येतो.

"अगं बाई, म्हणजे सासूबाईंचंच काम की!" मी म्हटलं.

भाऊजी खो खो हसले. पण त्या लाल दिव्याला ते खरोखर भीत. नवखे असताना त्यांच्या हातून सभागृहाचा मोठा स्पीकर जळाला होता, त्याची धास्ती कधी गेलीच नाही.

आमचे हे बाजारात लिलाव पुकारायचे. चिडले की छप्पर उडेल असा आवाज, आणि पुढच्याच क्षणी "अगं, ऐक ना" इतकं हळू, की मलाच हातातलं काम टाकून जवळ जावं लागे. मग ह्यांच्या घशात वाईट गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, सोमवारी. जीव वाचेल, आवाज जाईल.

"वहिनी, दादाचा आवाज मी जपून ठेवतो," भाऊजी म्हणाले.

शनिवारी दुपारी सभागृह रिकामं होतं. ह्यांना माइकसमोर बसवलं. हे बाजारातल्या गमती सांगत सुटले, कधी गरजले, कधी कुजबुजले. भाऊजींची नजर दिव्यांवरून हलली नाही.

रविवारी सकाळी घरी ते ऐकायला बसलो. शब्द न् शब्द स्वच्छ. पण मी मधेच भाऊजींकडे वळले.

"भाऊजी, हे कोण बातम्या देतंय?"

गरजणंही तेवढंच, कुजबुजणंही तेवढंच! माझा नवरा कुठे होता त्यात? भाऊजींचा चेहरा उतरला. सभागृहात लोक तिथल्या तिथे ऐकतात, म्हणून आवाज आत येतानाच कंप्रेसरनं दाबायची त्यांच्या हाताला सवय. शनिवारीही त्यांनी तेच केलं, आणि लाल दिव्याच्या भीतीनं जरा जास्तच दाबलं. आधी आहे तसा आवाज घ्यायचा आणि मग हवा तर दाबायचा, हे त्यांना सुचलंच नाही.

"एकदा दाबलेलं आता सुटं नाही करता येत, वहिनी," म्हणाले, आणि घळाघळा रडायला लागले. मी रागावणार होते, पण अशा माणसावर काय डोंबल रागावणार!

संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. जाताना वाटेत परत सभागृह गाठलं. भाऊजींनी कंप्रेसर बंद केला आणि आवाजाची पातळी बरीच खाली ठेवली. पण हे थकलेले, घसा दुखत होता. नुसतेच पुटपुटू लागले. आणि जन्मात दादाला उलट न बोललेले आमचे भाऊजी एकदम म्हणाले, "दादा, खरं सांगू? तुझ्या लिलावात नुसता आरडाओरडा असायचा. गिऱ्हाईक भाव वाढवायचं ते तुला गप्प करायला!"

"काय म्हणालास? गाढवा! माझ्या पुकाऱ्यावर अख्खा बाजार उभा राहायचा!"

भिंती दणाणल्या. लाल दिवा भक्कन पेटला. भाऊजींचा हात बटणाकडे गेला, आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. ह्यांना ठसका लागला, मग हसू फुटलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पाणी दे गं जरा."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. बऱ्याच दिवसांनी, हे घरी हिंडू-फिरू लागल्यावर, भाऊजी ते रेकॉर्डिंग घेऊन आले. "वहिनी, ओरडण्यापाशी थोडं फाटलंय," ते ओशाळून म्हणाले. "फाटू दे," म्हटलं, "माणूस तसाच आहे."

दोघं भाऊ बाहेरच्या खोलीत ऐकत बसले. माझ्यानं तिथे बसवेना, मी आत भांडी घासायला घेतली. गाढवा ऐकलं, बाजार ऐकला, ठसका ऐकला. मग हळूच आलं, "पाणी दे गं जरा."

"आले हो," म्हणत मी हात पुसले, पेला भरला आणि बाहेर गेले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. भाऊजींनी मान खाली घातली. ह्यांनी माझ्याकडे बघत हात पुढे केला, पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.