ठमाबाईचा दम

मोरी म्हशीने लाथ मारली नसती, तर ठमाबाई ढेबेच्या छातीत काय दडून बसलंय ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दोन हजार चारची दिवाळी नुकतीच सरली होती. वरंधच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यात सकाळची धार काढताना मोरी बिथरली आणि मालकिणीच्या उजव्या बरगडीवर तिने असा काही प्रसाद दिला, की ठमाबाई चरवीसकट शेणात बसली. नवऱ्याने, भिकूने, म्हैस विकायचीच असं त्याच दिवशी जाहीर केलं. मुलगा सुनील बिरवाडीला राहून कारखान्यात कामाला जायचा. तो धावत आला आणि आईला छातीचा फोटो काढायला महाडला घेऊन गेला.

बरगडी शाबूत निघाली. पण डॉक्टरांनी फोटो पुन्हा एकदा उजेडाला धरला. बरगडीच्या मागे, फुप्फुसात, रुपयाएवढा पांढरा डाग होता.

"जुन्या टीबीचा वण असेल, कदाचित काहीच नसेल," ते सुनीलला म्हणाले. "पण गाठ असली तर आत्ताच बघायला हवी. मुंबईला न्या, उशीर करू नका."

"मला तर काय व्हत नाय," ठमाबाई म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण रोज पहाटे अंधारातच दुधाची किटली डोक्यावर घेऊन दीड तासाची उतरण उतरायची, वरंधला रतीब घालायची, आणि येताना पेंडीचं गाठोडं डोक्यावर घेऊन तीच चढण चढायची. खोकला नाही, विडी तर जन्मात ओढली नाही. वाडीतली तरणी पोरं चढणीला तिच्या मागे पडायची आणि मागूनच बडबडायची.

तर मायलेकांनी वीर स्टेशनवर गाडी पकडली आणि मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं. यंत्रात घालून झालं, सुई टोचून झाली. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं. गाठ कॅन्सरचीच होती. पण लहान होती, आणि बाकी कुठेही पसरली नव्हती.

"पहिली स्टेज," त्या म्हणाल्या.

सुनीलचे डोळे भरून आले. ठमाबाईला कॅन्सर म्हणजे काय ते कळत होतं, पण तिचं मन अडकलं दुसऱ्याच शब्दात. स्टेज तिला एसटीतली ठाऊक होती, जिच्यावर कंडक्टर भाडं लावतो ती.

"पयलीच स्टेज? म्हंजी वरंधपासनं माझेरीपर्यंत," ती म्हणाली. "लांबचं तिकीट नाय काढलं त्यानं. मंग उतरवा की त्याला."

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसल्या. मग त्यांनी समजावलं, की उतरवायच्या दोन वाटा आहेत. ऑपरेशन करून उजव्या फुप्फुसाचा गाठीकडचा भाग काढायचा. गाठ मुळासकट निघते, भरवसाही त्याचाच जास्त. पण उरलेल्या फुप्फुसावर माणसाचं भागायला हवं, तेवढा दम अंगात हवा. तो नसेल तर मशीनने किरणांचा शेक द्यायचा.

ठमाबाईने एकच विचारलं. "कापल्याव डोंगर चढता येल का?"

हा प्रश्न उगाच नव्हता. घरून निघताना सुनीलने बापाला हळूच सांगितलं होतं, की आयेला आता वर ठेवायची नाही, बिरवाडीच्या खोलीत आणायची. खोली चांगली होती. पंखा होता, टीव्ही होता. ठमाबाई तिथे एकदाच दोन रात्री राहिली होती आणि तिसऱ्या पहाटे कोणाला न विचारता वाट धरून घरी गेली होती. तिने ते बोलणं भिंतीआडून ऐकलं होतं. खरं सांगायचं तर तिला गाठीपेक्षा बिरवाडीची धास्ती जास्त वाटत होती.

"आधी तुमचा दम मोजू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मंजुळा नावाच्या सिस्टरने तिच्या तोंडात एक नळी दिली. नळीची दुसरी बाजू यंत्राला. "फुंका, आजी. फुंका. फुंका."

ठमाबाईने फुंकलं. यंत्राने आकडा दाखवला तो अगदीच रडका. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला आकडा आणखी खाली. मंजुळा सिस्टरने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे. "एवढ्या दमावर ऑपरेशन कठीण आहे," त्या म्हणाल्या. "शेकच द्यावा लागेल." सुनीलने खाली मान घातली. ठमाबाईच्या डोळ्यांपुढे बिरवाडीचा तो पंखा गरगर फिरायला लागला.

तेवढ्यात सुनीलचं लक्ष आईच्या ओठांकडे गेलं. हे गाल फुगवून, ओठ चिमटून हळूहळू वारा सोडणं त्याने लहानपणापासून चुलीपुढे पाहिलं होतं.

"आये, तू फुकणीनं फुकतेस काय गो?"

"मंग कशी फुकू? जोरात फुकलं तर राख डोळ्यात नाय येत?"

डॉक्टरीणबाई अशा काही हसल्या, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. चाळीस वर्षं जिने चुलीतला निखारा न विस्कटता फुलवला, तिच्या तोंडाला जोर करायची सवय लागणार कुठून? पुन्हा सांगून, समजावून पाहिलं. ठमाबाई जोर करायची, पण नळी तोंडात गेली की ओठ आपोआप फुंकणीवर यायचे.

"राहू दे यंत्र," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिना चढवू. तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं, न थांबता. मंजुळा, तू मागे राहा, धाप लागली तर लगेच थांबव. आजी, ते गाठोडं इथेच ठेवा."

गाठोड्यात तुपाचा डबा, दोन लुगडी आणि घोंगडी. ठमाबाईने ते आणखीच घट्ट धरलं.

"रिकामी चढायची सवय नाय, बाय. डोक्याव वजन नसलं का पाय भलतीकडं पडतो."

आणि कोणी काही म्हणायच्या आत पदराची चुंबळ डोक्यावर बसली, चुंबळीवर गाठोडं बसलं, आणि बाई निघाली. मान ताठ, नजर समोर. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्यावर मंजुळा सिस्टर म्हणाली, "बास, आजी," पण म्हणायला तिच्याजवळच दम उरला नव्हता, आणि ठमाबाईच्या कानात डॉक्टरीणबाईंचं एकच वाक्य होतं, न थांबता. डोंगराला कुठे मजले असतात? चढण धरली की माथ्यापर्यंत जायचं, मधे थांबलं की पाय भरून येतात. चौथा गेला. पाचव्यावर एका पेशंटने भिंतीला चिकटून वाट दिली. सातव्यानंतर जिनाच संपला, तेव्हा ती गच्चीचं दार ढकलून बाहेर आली आणि डोक्यावरच्या ओझ्यासकट उभी राहिली.

"येवढं उंच आलो," ती मागून धापा टाकत आलेल्या मंजुळाला म्हणाली, "आन् डोंगर यक नाय."

मंजुळाने खिशातला, रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा काढून आजीच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. तिने विश्वास न बसून तो स्वतःच्या बोटाला लावून पाहिला, पुन्हा आजीच्या बोटाला लावला. मग ती जिन्यावरून ओरडतच खाली सुटली, "मॅडम, आजी गच्चीवर आहेत."

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. गाठ सबंध निघाली, आणि तपासणीत आणखी कुठेही काही सापडलं नाही. भिकूला निरोप गेला, तेव्हा त्याने मोरीला पेंड जास्तीची घातली आणि विकायचा विषय परत काढला नाही.

शिमग्याच्या तोंडावर ठमाबाई वरंधला एसटीतून उतरली. भिकू न्यायला खाली आला होता. डॉक्टरीणबाईंनी चढायला परवानगी दिली होती, पण अट घातली होती, की डोक्यावर काही घ्यायचं नाही. बिरवाडीचं नाव न काढता गाठोडं सुनीलने घेतलं. बाई जन्मात पहिल्यांदा ती चढण रिकामी चढत होती. चाल हळू होती, पाय खरंच भलतीकडे पडत होते, आणि भिकू मागून श्वास मोजत होता, तिचेही आणि आपलेही.

अर्ध्या वाटेवर छातीएवढा विसाव्याचा धोंडा आहे. लोक त्यावर ओझं टेकवतात. ठमाबाई कधी टेकवत नसे. आज ती तिथे थांबली.

"दम लागला का गो?" भिकूने भीतभीतच विचारलं.

ती वळून उभी होती. खाली वरंधची कौलं होती, नदीची वाकडी रेघ होती, घाटाच्या वळणावर एक एसटी मुंगीएवढी दिसत होती, आणि पार लांब महाडच्या बाजूला डोंगरामागे डोंगर.

"दम कशाला लागतोय," ठमाबाई म्हणाली. "डोक्याव काय नाय आज, म्हून मान वळली."

मग भिकूकडे वळून ती म्हणाली, "येवढं समदं हितंच व्हतं, आन् मला तू कधी सांगितलं नाय."

तिने पदर खोचला आणि उरलेली चढण न थांबता चढली.