यंत्रं बंद असताना आलेली हाक

भुताखेतांच्या गोष्टी मी चहात खारी बुडवत ऐकते आणि विसरते. मी ऑडिओलॉजिस्ट... माझा भरवसा ग्राफवर! बोळिंजला माझं क्लिनिक आहे. लांबच्या पेशंटची श्रवणयंत्रं मी व्हिडिओ कॉलवर, त्यांच्या फोनमधल्या ॲपवरून ट्यून करते.

हरिकाका वसईच्या खाडीकाठचे शेतकरी. काकू जाऊन आठ महिने झालेले, घरात एकटेच. नालासोपाऱ्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, प्रशांतने, मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, या वेळी यंत्रांचं जमलं नाही तर बाबांना मी फ्लॅटवर आणतो. घराला कुलूप." काकांनी त्या धसक्याने जेवण कमी केलं होतं.

त्या दिवशी घोळ मीच घातला. चारची वेळ ठरलेली, मी पावणेचारलाच कॉल लावला. काका, प्रशांत आणि मी — तिघं स्क्रीनवर. सेटिंग झकास जमलं.

"आता सेव्ह करते काका, अर्धा मिनिट काही ऐकू येणार नाही."

सेव्ह होताना यंत्रं पूर्ण बंद असतात. आणि यंत्रांशिवाय काकांच्या कानाशी ढोल बडवला तरी त्यांना कळत नाही. मी स्वतः तपासलंय.

यंत्रं बंद झाली... आणि काकांनी झटकन मान वळवली.

"आलो गं, आलो!" म्हणत ते उठून आत गेले.

परतले ते घामाघूम. एव्हाना यंत्रं सुरू झाली होती.

"दूध उतू जाऊन गॅस इझलेला, मॅडम. नुसता सुटत होता. तुमचा फोन आला नि मी इसरलोच. ती ओरडली म्हनून बरं."

"कोण ओरडलं, बाबा?" प्रशांतने विचारलं.

"कोन म्हंजे? तुझी आय."

वास आला असेल, म्हणाल. स्वयंपाकघर मागच्या पडवीत, मधलं दार बंद. यंत्रांचा लॉग, म्हणजे चालू-बंदची नोंद, मी तीनदा पाहिला — तेवढा वेळ ती बंदच होती. हे लिहिताना मला जरा रागच येतोय.

मग प्रशांत म्हणाला, "राहू दे बाबांना तिथंच." मी मात्र दिवा पेटणारा गॅसचा अलार्म बसवून घेतलाच, तेवढं डोकं माझं ठिकाणावर आहे.

आता दर कॉलला काका विचारतात, "मॅडम, ते बंद कदी करनार?"

सेव्ह एकदा केलं की पुरतं. मी दोनदा करते.