उजव्या नाकपुडीचा सोमवार

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत भट्टीवर नाकोबा असतो. शाळेत माझ्या वर्गात होता, तेव्हापासून त्याला हेच नाव. पाव कधी बाहेर काढायचा हे तो वासावर ठरवतो. तिथे घड्याळ कधी नव्हतंच.

आणि एका आठवड्यात चार ट्रे कोळसा झाले.

बेकरीचा मालक त्याचा थोरला भाऊ. त्यानं टायमर आणला. "पंधरा दिवस मी भाजतो. नाक सुधारलं नाही, तर तू कायमचा काउंटरवर!"

भट्टीपुढे नाकोबाला कधी घाम फुटला नव्हता. काउंटर म्हणताच फुटला. गिऱ्हाइकाशी बोलायचं?

बायकोनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

"एक बाजू बंद की दोन्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"रक्त? दुखतं?"

"छे."

बाईंनी आत बॅटरी मारली, नाकाखाली थंड चमचा धरला. वाफेचे जेमतेम दोन ठिपके उमटले.

"थेंब घालता?"

"कधीतरी."

बायको खो खो हसत सुटली. "कधीतरी? खिशात एक बाटली, भट्टीजवळ एक, उशीखाली एक!"

"किती दिवस?"

"सर्दी झाल्यापासून. पाच महिने."

"अहो, सर्दी कधीच गेली! आता थेंबांनीच सूज येते, आणि सुजेवर तुम्ही पुन्हा थेंब घालता."

"सगळे एकदम सोडू?" नाकोबा रडवेला झाला.

"आधी उजवीचे बंद. ती मोकळी झाली की डावीचे. मिठाच्या पाण्यानं धुवा, आणि हा फवारा रोज दोन्हींत. तरी फरक नाही पडला तर परत या."

दहा दिवस नाकोबा मिठाच्या पाण्यानं नाक धूत आणि उजव्या नाकपुडीची मनधरणी करत राहिला. अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, तो कोंबडीसारखी मान वाकडी करून भट्टीपुढे उभा होता.

"मान अवघडली का रे?"

"दादा, गप. उजवीला काम करू दे."

आणि एकदम त्यानं ट्रे ओढला.

"अरे गाढवा, टायमरची तीन मिनिटं बाकी आहेत!"

पाव सोनेरी झाले होते. दादानं एक मोडला, फुंकर मारली, खाल्ला. आपल्या बायकोला द्यायचं विसरून दुसराही खाल्ला. टायमर किंचाळला तेव्हा तिसरा तोंडात होता.

"बंद कर ते," दादा भरल्या तोंडानं म्हणाला, "आणि पुढचा ट्रे लाव."