खांद्यावरचा हात

रेघेकाकांचं खरं नाव पगारपत्रकाला तेवढं ठाऊक. बाकी अख्ख्या संग्रहालयाला ते रेघेकाकाच. दगडावर कोरलेलं कागदावर हुबेहूब उतरवायचं, हे त्यांचं काम. तेही प्राचीन इजिप्तच्या थडग्यांच्या आणि देवळांच्या भिंतींवरचं. विद्वान मंडळी मग त्या कागदांवरून ग्रंथ लिहीत, तिथले लोक देवाची पूजा कशी करत नि मेलेल्यापुढे काय काय मांडत, यावरून एकमेकांशी कडाकडा भांडत. काका त्या भानगडीत पडत नसत. "मला दिसतं ते मी काढतो," एवढं म्हणायचं नि पेन उचलायचं.

नियम साधा होता. दिसलं, तर सलग रेघ. दगड झिजलाय किंवा फुटलाय पण तिथं काय होतं ते नक्की कळतंय, तर तुटक रेघ. नाहीतर कोरं सोडायचं, मग कितीही हात शिवशिवोत. एकदा एका सहकाऱ्यानं नाक फुटलेल्या राजाला आपल्या पदरचं नाक बसवून दिलं, तर काकांनी पुढे महिनाभर त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारली. असा खट माणूस.

आणखी एक खोड होती. त्या थडग्यांवर मेलेल्या माणसानं एक विनवणी कोरून ठेवलेली असते: अहो जाणाऱ्यायेणाऱ्यांनो, माझं नाव घ्या, मला हजार पाव, हजार घागरी मिळोत असं म्हणा, तुमचं काही जात नाही, नुसती तोंडाची वाफ. काका तसं खरोखर म्हणत. चित्र पूर्ण झालं की शिलालेख वाचणाऱ्या बाईंना त्या मेलेल्याचं नाव विचारून घ्यायचं आणि खालमानेनं पुटपुटायचं. लोक हसत. "हसा लेको," काका म्हणत, "बिचारा इतकी वर्षं वाट बघतोय."

काकू गेल्या आणि काकांचं हसणंबोलणं आटलं. घर म्हणजे दोन खोल्या. खिडकीशी टेबल, त्यावर वाकून काका घरीही काम करायचे. काकू भांडी आवरून मागे येऊन उभ्या राहायच्या, डाव्या खांद्यावर हात टेकायच्या. "अजून किती?" "झालंच. हलवू नकोस गं." तो ओला हात शर्टावर पाण्याचा डाग सोडायचा नि काका करवादायचे. आता शर्ट कोरडाठाक असायचा. मुलगी परगावाहून फोन करी, "बाबा, जेवलात का?" काका "हो" म्हणत. कधी ते खरंही असे.

अशात संग्रहालयाच्या तळघरात ठेवलेली एक भिंत काढायचं काम त्यांच्याकडे आलं. इजिप्तमधल्या कुणा धान्यकोठाराच्या कारभाऱ्याचं थडगं, त्यातला हा मोठा दगड. कारभारी रुंद बाकावर बसलाय, पुढ्यात पावांनी भरलेलं मेज. बाकाचा मागचा अर्धा भाग मोकळा. या थडग्यावर बाईंचं पुस्तक निघायचं होतं. काकांनी फोटोवर ट्रेसिंगचा कागद ठेवून रेघा ओढल्या, शाई भरली आणि कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी चष्मा सारखा केला. "काका, हा हात कुणाचा?"

कारभाऱ्याच्या खांद्यावर चार बोटं होती. सलग रेघेत.

"बायकोचा. मागे बसलीय ना ती."

"मागे तर कोणीच नाही."

"ती नुसती रंगवलेली असणार. रंग उडाला, हात कोरला होता म्हणून राहिला. इतक्या बायका अशा बसलेल्या काढल्यात मी, मला कळत नाही होय?"

बाई वयानं लहान, पण अधिकारानं मोठ्या. आणि स्वभावानं गरीब. त्या म्हणाल्या, "हा हात छापला की माझं एक प्रकरण बदलतं, काका. मग मला लिहावं लागेल की इथं नवराबायको दोघांना एकत्र अन्न वाहिलं जायचं. पुढे सगळे तुमच्या चित्राचाच दाखला देतील. एकदा बाजूनं उजेड टाकून बघू या का?"

"माझे डोळे गेलेत असं म्हणा ना सरळ!"

"तुटक रेघ करू या मग?"

"करायची तर सलग, नाहीतर काढून टाका मला," असं म्हणून काका कागद उचलून तणतणत निघून गेले. चार दिवस त्यांनी बाईंशी अबोला धरला. घरी टेबलाशी बसून तो कागद बघायचे. त्या चार बोटांकडे बघितलं की त्यांना बरं वाटायचं, अगदी जेवायची आठवण व्हावी इतकं बरं. तो हात पुसला, तर आपल्याला पुन्हा एकदा स्मशानातून परत यावं लागेल, अशी भीती त्यांना वाटत होती. आणि ठेवला, तर जन्मभराची अब्रू खोट्या रेघेला टांगलेली.

शेवटी मधल्या सुट्टीत, सगळे जेवायला गेलेले बघून काका बॅटरी घेऊन तळघरात उतरले. दगडाच्या अगदी लगत, आडवा उजेड धरला. चारही बोटं उठून दिसली. काकांचा जीव भांड्यात पडला.

मग उजेड थोडा खाली सरकला. बोटं खांद्यावर थांबत नव्हती. दंडावरून उतरून, मेजावरच्या पावांवरून चारही रेघा तशाच सरळ तिरक्या खाली जात होत्या, पार दगडाच्या कडेपर्यंत. दोरांचे वळ होते ते. दगड ओढून आणताना कुठंतरी घासलेले. आणि एवढ्या लांबलचक रेघांपैकी काकांनी कागदावर उतरवल्या होत्या फक्त खांद्यावरच्या. बाकीच्या त्यांना दिसल्याच नव्हत्या.

बाकाच्या मोकळ्या भागावर त्यांनी तळवा फिरवला. गुळगुळीत. तिथं काही फुटलं नव्हतं, झिजलं नव्हतं. तुटक रेघेलाही जागा नव्हती.

मागे बाई येऊन उभ्या होत्या. त्यांनाही दिसलं होतं. काकांनी विचारलं, "मग एवढा रुंद बाक कशाला?"

"तिच्यासाठी ठेवला असेल. हा आधी गेला असेल, ती गेली की तिला इथं कोरायचं म्हणून. मग कोण कोरणार?"

"म्हणजे हा तेव्हापासून एकटाच बसलाय."

"हो, काका."

काका वर आले. पिशवीतून कागद काढला, ब्लेड घेतलं आणि एकेक बोट खरवडून काढलं. कागद कुठंही फाटला नाही. दोरांचे वळ मात्र वरपासून खालपर्यंत नीट काढले. मग बाईंना कारभाऱ्याचं नाव विचारलं आणि त्याचे हजार पाव, हजार घागरी म्हणून टाकले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी भात लावला, ताट घेतलं आणि टेबलाशी बसले. घास हातात धरून ते थबकले. आयुष्यभर परक्या मेलेल्यांची नावं घेतली, आणि घरच्या माणसाचं? तिला कायम 'अगं', नाहीतर 'ऐकलंस का'. ती होती तेव्हा नाही, गेल्यावर नाही, कधीच नाही.

काकांनी घसा खाकरला आणि काकूंचं नाव घेतलं. जिभेला ते इतकं नवखं लागलं, की दुसऱ्याच्याच बायकोला हाक मारतोय असं वाटून ते ओशाळले. ती असती तर तिनं घाबरून कपाळाला हात लावून बघितलं असतं, ताप तर नाही ना म्हणून.

"हजार पाव," ते म्हणाले, "हजार घागरी." आणि पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं.