गोठ्याची मावळतीची बाजू

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही आमचा गोठा गाईला खाऊ घातला. त्यात नवल नव्हतं. गावात बऱ्याच जणांनी तेच केलं. माझे मालक बैल घेऊन नगरकडच्या छावणीवर गेले होते. गाय गाभण, दिवस भरत आलेले, तिला एवढं लांब चालवणार कोण? ती घरीच राहिली. वासरू होईपर्यंत तिला जगवायचं, एवढं एकच काम सासऱ्यांनी अंगावर घेतलं होतं.

रोज ते शिडी लावून छपराचं पाचट उपसायचे, झटकायचे आणि मिठाचं पाणी शिंपडून तिच्यापुढे टाकायचे. धुरानं काळं पडलेलं ते पाचट सुरुवातीला तिनं हुंगून बाजूला सारलं. मग अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी खायला लागली. जेवढं तिचं पोट भरे, तेवढी तिची सावली कमी होई. मी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि घरी आल्यावर छप्पर किती उरलं ते बघायची.

एकदा संध्याकाळी पाणी घेऊन आले तर सासरे खुशीत होते.

"पोरी, आज मावळतीची बाजू काढली. लई आवडीनं खाल्ली बघ."

मी हंडा खाली ठेवून त्या उघड्या बाजूकडे बघितलं. आदल्या वर्षी त्या बाजूला वाळवी लागली होती. पुरुषमाणसं वावरात असताना मीच वाळवी मारायची डबाभर विषारी पावडर त्या पाचटात भुरभुरली होती. नव्या सुनेचा उत्साह, दुसरं काय! कुणाला सांगावं हे डोक्यातही आलं नाही.

निदान तेव्हा तरी बोलायचं. मी "व्हय मामंजी" एवढंच म्हणाले. वर्षभराच्या वाऱ्यानं पावडर उडून गेली असेल, अशी मनाची समजूत घातली. दिवे लागायच्या आत गाईला कापरं भरलं, तोंडाला फेस आला. सासरे तिच्या मानेखाली हात घालून बसून राहिले. सकाळी ती गेली, पोटातलं वासरूही गेलं. मला रडू आलं नाही. मी नेहमीच्या वेळेला खडी फोडायला गेले.

चार दिवसांनी मालक आले. सासऱ्यांनी पोटच्या पोरासमोर स्वतःचे कान धरले.

"जुनं पाचट चारलं म्या. म्याच मारली रे तिला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या पोरीनं मातर लई केलं तिचं."

मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.