मोजणारे नारळ

आमच्या माडांचे नारळ पाडून झाले की ते मोजायला वरच्या कातकरवाडीतली एक आजी यायची. मी हिशेबी माणूस. विजेच्या मीटरचे आकडेही वहीत लिहून ठेवतो. तरी तिचं मोजणं नुसतं ऐकत बसायला मला आवडायचं. दोन्ही हातांत एकेक नारळ घ्यायचा, आपल्या बोलीत लागोपाठ दोन आकडे म्हणायचे आणि जोडी ढिगावर टाकायची. विसापर्यंतचे आकडे आमच्यासारखेच वाटत, फक्त हेल निराळा. पुढे मात्र एकवीस नाहीच. वीस झाले की एक नारळ बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी किती विसा झाले तेवढं सांगायची.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच वेळी तिने सहा विसा सांगितले. म्हणजे एकशे वीस. मी खात्रीसाठी स्वतः मोजले, तर एकशे सव्वीस भरले. बाजूचा नारळ त्या विसातलाच, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. टेम्पोवाला आणि दोन शेजारी उभे होते. त्यांच्यासमोरच मी विचारलं, सहा कमी का सांगितलेस? पुढचं बोललो नाही, पण सगळ्यांना कळलं. तिलाही.

ती रागावली नाही. पदराला हात पुसून तिने बाजूच्या सहा नारळांकडे पाहिलं.

“भाऊ, तू बोटांवर मोजतोस तवा बोटंपण धरतोस काय?”

टेम्पोवाला हसला. मग तिने सांगितलं, की हे सहा मोजणारे. ते मोजायचे नसतात. ते गाडीत चढत नाहीत, घरात राहतात. बाबांपासून असंच चालत आलेलं. गणपतीत आमच्याकडे नारळ कधी विकत का आणावा लागला नाही, ते मला तेव्हा समजलं. त्याच तिघांसमोर मी तिची माफी मागितली. तरी पुढच्या पाडणीला ती येईल की नाही, ही रुखरुख होतीच. ती आली.

आता तिला चढउतार झेपत नाही. नात येते. ती शाळेच्या मराठीत सलग शंभरापुढे मोजते आणि सगळे नारळ टेम्पोत जातात. मी ताडून पाहतो; चूक सापडत नाही. गेल्या वेळी तिने एकशे पाच सांगितले. गाडी भरण्याआधी मी त्यातले पाच नारळ उचलून पडवीत ठेवले.

“माझं चुकलं का, काका?”

“नाही गो. आजीला सांग, पाच विसा झाले.”

किती, म्हणून तिने विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग वाट चढताना तो आकडा ती स्वतःशी म्हणत गेली.