मास्तरची विश्वामित्री

मास्तर कुणालाही वाचवत नसे. दर रविवारी आम्ही चौघं समा भागातल्या त्याच्या घरी कागद आणि फासे घेऊन बसायचो, आणि फासा वाईट पडला की खेळात आपण घेतलेलं पात्र मेलं. आमच्यातल्या हेतलने सहा महिने जपलेलं बोलणारं मुंगूस असंच गेलं. ती चक्क रडली. मास्तर म्हणाला, "फासा पडला तो पडला. चहा टाकू?"

खेळ त्यानेच रचलेला. विषारी पाण्यामुळे विश्वामित्री नदीकाठचे प्राणी बदललेत, बोलतात, हत्यारं धरतात. ते प्राणी आम्ही. बाकी सगळं जग तो चालवायचा, म्हणून तो मास्तर. शत्रू मगरी.

गोरव्याच्या एका कारखान्यात तो यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा आणि सुट्टीला नदीकाठ तुडवायचा. कुठला नाला कुठे उघडतो, मगर कुठून वर येते, सगळं वहीत. "प्राणी खोटा चालेल, रस्ता खोटा चालणार नाही," म्हणायचा.

एका ऑगस्टात भर दुपारी, डाव रंगात असताना, पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं. मास्तर उठलाच. "खेळ बंद. जसुबेन एकट्या आहेत."

जसुबेन त्याच्याच सोसायटीत, घरांच्या मागच्या ओळीत तळमजल्यावर राहायच्या. गुडघे गेलेले, जिना चढणं अशक्य. मी जवळच्या गल्लीकडे वळले तशी त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "तिकडे नाला उघडा आहे. मोठ्या रस्त्याने चला."

आम्ही पोचेपर्यंत पाणी कमरेला आलं होतं. जसुबेनना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. "मने रहेवा दो, तमे जाओ," मला राहू द्या, तुम्ही जा, असं त्या गुजरातीत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. परत येताना त्याच गल्लीच्या तोंडाशी पाण्यावर दोन डोळे दिसले. मागे हलती शेपटी.

"पाणी हलवू नका. हळू," मास्तर पुटपुटला. खुर्चीचा पाय माझ्या तळहातात रुतत होता, पण हात बदलायला थांबता येत नव्हतं. मगर कंपाउंडच्या भिंतीला चिकटून तशीच राहिली. आम्ही एकेक पाऊल टाकत त्याच्या घरी आलो, जिना चढलो. वर पोचल्यावर हेतल जसुबेनच्या कुशीत शिरून बसली.

पाणी ओसरलं तेव्हा खालच्या कपाटात मास्तरच्या वह्यांचा लगदा झाला होता. तीन वर्षांचं काम. मला भरून आलं. तो मात्र भलतंच बोलला.

"तू त्या मगरीचे डोळे पाहिलेस? ती आपल्याहून जास्त घाबरली होती. आणि मी तिला तीन वर्षं राक्षस केलं."

त्यानंतर रविवार बंदच पडले. पुढच्या वर्षी नोकरीसाठी तो चेन्नईला गेला. निघताना स्टेशनवर त्याने माझ्या हातात एक नवी वही ठेवली. "आता तू खेळव," एवढंच म्हणाला. गाडी गेल्यावर मी ती उघडली. पहिल्या पानावर त्याच सोसायटीचा नकाशा होता, आणि खाली त्याच्या रेखीव अक्षरात:

"पूर आला आहे. तुम्ही मगरी आहात. नदी कुठल्या बाजूला होती, ते तुम्हाला आठवत नाही."